फाईलीत राहिलेला नंबर

एकच काम दोनदा करायचा मला मनस्वी कंटाळा आहे. तीनदा करायचं म्हटलं तर डोकंच फिरतं. आई म्हणते, हिला भाकरी थापायला बसवा, तिसऱ्या भाकरीला ही उठून मशीन शोधायला जाईल. खोटं नाही ते. त्याच स्वभावापायी मी कंप्युटर शिकले, आणि त्याच स्वभावापायी ती सहा ओळींची स्क्रिप्ट, म्हणजे छोटासा प्रोग्रॅम, लिहिली. त्या स्क्रिप्टचं मला वर्षभर फार कौतुक होतं.

मी तेव्हा शेंद्र्याला गिअर बनवणाऱ्या एका कारखान्यात होते. गिअर कडक करायचे तर ते भट्टीत तापवावे लागतात. आमच्या शॉपमधल्या, म्हणजे आमच्या विभागातल्या, भट्ट्या जमिनीत खड्डा करून बसवलेल्या होत्या. वर नुसतं झाकण दिसायचं, बाकी सगळा कारभार खाली, दीड पुरुष खोल. भट्टीच्या भोवतीनं एक माणूस कसाबसा फिरेल एवढी जागा, आणि उतरायला लोखंडी शिडी. भट्टीच्या आत एक वायू खेळवावा लागतो. आत आहे तोवर ठीक. गळून खड्ड्यात साचला तर तो माणूस मारतो. कार्बन मोनॉक्साईड. त्याला वास नाही, रंग नाही. डोळे चुरचुरत नाहीत, ठसका लागत नाही. डोकं जड होतं आणि झोप आल्यासारखं वाटतं, एवढंच.

त्या खड्ड्यात उतरणाऱ्यांत माझे वडील होते. आम्ही त्यांना अण्णा म्हणतो. त्याच शॉपमध्ये बावीस वर्षं मेन्टेनन्सचे फिटर. त्यांच्यामुळेच मला तिथं नोकरी लागली. मुकुंदवाडीहून आम्ही दोघं एकाच स्कूटीवर जायचो. मी चालवायची आणि अण्णा मागं बसून ब्रेक कधी दाबायचा ते मला सांगायचे. जालना रोड संपेपर्यंत आमची दोन भांडणं व्हायची. मग मी काचेच्या केबिनमध्ये जायची आणि ते भट्ट्यांकडं.

केबिनमधल्या कंप्युटरवर माझे दोन प्रोग्रॅम चालायचे, दोन्ही पायथन नावाच्या कंप्युटरच्या भाषेत लिहिलेले. एक गॅसवर लक्ष ठेवायचा. खड्ड्यातल्या सेन्सरचा आकडा दर दोन सेकंदांनी वाचायचा आणि आकडा वाढला की भोंगा वाजवायचा. दुसरा भट्टीचं तापमान लिहून ठेवायचा. खरं तर असला जिवाचा भोंगा एका साध्या कंप्युटरच्या भरवशावर ठेवूच नये. हे मला आज कळतं. तेव्हा सगळ्यांनी शाबासकी दिली होती. भोंगा येण्याआधी फिटर लोक खाली उतरताना कॉलरला गॅसचं छोटं मीटर अडकवायचे. भोंगा आल्यावर ती मीटरं कपाटात गेली. अण्णांनी तर सगळ्यांच्या आधी ठेवून दिलं. लेकीनं केलंय म्हटल्यावर मीटर कशाला, असं त्यांचं म्हणणं.

आता तो नंबर काय प्रकार आहे ते सांगते, कारण सगळं त्याच्यावरच घडलं. कंप्युटरवर कुठलाही प्रोग्रॅम सुरू झाला की सिस्टिम त्याला एक नंबर देते. त्याला आम्ही पीआयडी म्हणतो. प्रोग्रॅम बंद करायचा तर सिस्टिमला नाव सांगून चालत नाही, नंबर सांगावा लागतो. सरकारी दवाखान्यात केसपेपरच्या खिडकीवर टोकन देतात, तसंच. खिडकीतल्या माणसाला तुमच्या नावाशी घेणं नसतं, तो टोकनचा नंबर पुकारतो. आणि दुसऱ्या दिवशी टोकनं पुन्हा एकपासून सुरू होतात. कंप्युटर बंद करून चालू केला की नंबरही तसेच पुन्हा पहिल्यापासून वाटले जातात. काल चौदाशे बारा नंबर ज्याचा होता, आज तो भलत्याचाच असू शकतो.

तापमानाचा प्रोग्रॅम दर पाळीला बंद करून नव्यानं सुरू करायला लागायचा, म्हणजे रोज तीनदा. आधी त्याचा नंबर यादीत शोधा, मग तो नंबर देऊन बंद करा, मग पुन्हा सुरू करा. मी वैतागले. प्रोग्रॅमला स्वतःचा नंबर विचारता येतो, पायथनमध्ये त्याला एक ओळ पुरते. तेव्हा मी असं केलं, की सुरू झाल्या झाल्या त्यानं आपला नंबर एका फाईलीत लिहून ठेवायचा. पाळी बदलली की ऑपरेटरनं नुसता आयकॉन दाबायचा. माझी स्क्रिप्ट फाईल उघडणार, तिच्यातल्या नंबरचा प्रोग्रॅम बंद करणार, नवा सुरू करणार. बंद होताना प्रोग्रॅम आपली फाईल आपणच पुसून टाकेल, अशीही सोय केली होती.

एक गोष्ट केली नाही. फाईलीतला नंबर अजून त्याच प्रोग्रॅमचा आहे का, हे तपासलं नाही. एका ओळीचं काम होतं. मी ती ओळ लिहायला घेतली होती हे मला पक्कं आठवतं, आणि जेवणाची सुट्टी झाली म्हणून सोडून उठले हेही आठवतं. डब्यात मेथीची भाजी होती.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी, खंडेनवमीला, कारखान्यात यंत्रांची पूजा होते. भट्ट्या थंड करतात, सगळं शॉप ब्लोअरनं झाडून काढतात, मशीनला झेंडूच्या माळा, हळदीकुंकू, नारळ. आम्ही बौद्ध. दसऱ्याला आमचा धम्मचक्र प्रवर्तन दिन, म्हणून अण्णा आणि मी दरवर्षी रजा टाकून आदल्या दिवशीच नागपूरला निघतो. पूजेला आम्ही कधी नसतोच. त्या वर्षी सफाईच्या दिवशी मी कंप्युटर पुसून घेतला, बंद करून चालू केला, आणि भट्ट्या थंड होताना तापमान लिहिलं जावं म्हणून तो प्रोग्रॅम लावून ठेवला. त्याला नंबर मिळाला चौदाशे बारा. त्यानं तो फाईलीत लिहिला. पाळ्या बंद होत्या, त्यामुळे तो तसाच चालू राहिला.

खंडेनवमीला दुपारी आम्ही बसमध्ये होतो, उभ्यानं. सुपरवायझर साहेबांचा फोन आला. पूजेच्या वेळी शॉपमध्ये काहीच चालू ठेवायचं नसतं, तर हा कंप्युटर बंद कसा करायचा, असं विचारत होते. त्यांना मेनू सापडत नव्हता. मी दोनदा सांगितलं. तिसऱ्यांदा विचारल्यावर माझं टाळकं सरकलं. बसमध्ये एका बाईचं पोतं माझ्या पायावर, कानात गर्दीचा कालवा. मी म्हणाले, "सर, ते मोठं बटण आहे ना, ते दाबून धरा. होतोय बंद."

झाला बंद. पण बटण दाबून धरलं की प्रोग्रॅमला आवराआवर करायला वेळ मिळत नाही, त्याचा जीवच जातो. फाईल पुसायची राहिली. चौदाशे बारा तिच्यात तसाच राहिला.

लोक मला नंतर म्हणाले, पूजेमुळे झालं. अजिबात नाही. पूजेनं काही केलं नाही, साहेबांनीही नाही. माणसं आपल्या पोटाच्या हत्यारांना वर्षातून एक दिवस विश्रांती देतात, त्यात काय चुकलं? चुकलं ते माझं.

नागपूरहून आल्यावर पहिल्या दिवशी सकाळी मी केबिन उघडली. मॉनिटरवर कुंकवाचं बोट, कीबोर्डवर झेंडूच्या पाकळ्या. त्या झटकल्या, कंप्युटर चालू केला. गॅसचा प्रोग्रॅम आपोआप सुरू होतो, तो झाला. नंबर पुन्हा पहिल्यापासून वाटले जात होते, आणि त्या सकाळी चौदाशे बारा त्याच्या वाट्याला आला. मला काय माहीत? मी आयकॉन दाबला. स्क्रिप्टनं जुनी फाईल उघडली, चौदाशे बारा वाचला, आणि चौदाशे बारा बंद केला. मग तापमानाचा प्रोग्रॅम सुरू केला. पडद्यावर मीच लिहून ठेवलेलं वाक्य आलं, 'जुना बंद केला. नवा सुरू झाला.' मी ते वाचलं, मला बरं वाटलं, आणि मी चहाला गेले.

पॅनेलवर गॅसच्या यंत्रणेचा हिरवा दिवा होता. तो नुसत्या विजेवर लागायचा. प्रोग्रॅम जिवंत असो नसो, त्याला फरक पडत नव्हता. येता-जाता सगळे त्याच्याकडं बघायचे, मीसुद्धा.

भट्टी गार होऊन पुन्हा तापवली की झाकणाखाली गॅस अडवायला बसवलेला दोर आखडतो आणि कुठंतरी फट राहते. तशी राहिली असणार. अण्णा त्या आठवड्यात पंख्याचं बेअरिंग बदलत होते, रोज तासभर खाली. पहिल्या दिवशी घरी येताना स्कूटीवर ते गप्प होते. ब्रेक दाब म्हणाले नाहीत. मी विचारलं तर म्हणाले, "डोकं लई जड झालंय. प्रवासाचा शीण." दुसऱ्या दिवशी भट्टीवरच्या ऑपरेटरला उलटी झाली. त्यांना सगळे चाचा म्हणायचे. शॉपमध्ये थट्टा झाली, की चाचांनी आठ घरची दसऱ्याची जेवणं केली. ऑक्टोबरचं ऊनही तसंच होतं, पत्र्याखाली नुसती भाजणी. तिसऱ्या दिवशी सकाळी अण्णांनी आईकडं डोकेदुखीची गोळी मागितली. मी त्यांच्यावर खेकसले, "चहा कमी करा आधी. दिवसाला दहा कप पिता, मग डोकं दुखणारच." त्यांनी गोळी घेतली आणि निमूट मागं बसले.

हे मी कितीदा आठवलं असेल याला गणती नाही. तीन दिवस सगळी लक्षणं माझ्यासमोर ओळीनं उभी होती. ज्या गॅसची माहिती मी स्वतः फळ्यावर लिहून लोकांना शिकवली होती, त्याचीच लक्षणं. मी चहाला दोष दिला.

चौथ्या दिवशी अकराच्या सुमारास मी केबिनमध्ये एक नवीन उद्योग काढला होता. गिऱ्हाईक कंपनीचे लोक तपासणीला येणार होते, आणि दोन्ही प्रोग्रॅम चालू आहेत हे त्यांना पडद्यावर दिसावं असं साहेबांचं म्हणणं. म्हणून मी एक छोटी स्क्रिप्ट लिहिली. प्रोग्रॅमचं नाव द्यायचं, तिनं चालू असलेल्यांच्या यादीत शोधून त्याचा नंबर आणून द्यायचा. पायथनमध्ये हे अर्ध्या तासाचं काम. चालवून पाहिली. तापमानाचा नंबर आला. गॅसच्या पुढं कोरं.

मला वाटलं, माझ्या शोधण्यातच काही चुकतंय. दुसरं काही मनातही आलं नाही. मी शोधायची पद्धत बदलली, पुन्हा चालवली. कोरं. पुन्हा काहीतरी बदललं. कोरं. माझी चिडचिड व्हायला लागली, एवढी साधी गोष्ट जमत नाही म्हणून. असा बराच वेळ मी माझ्या स्क्रिप्टशी भांडत बसले. त्या वेळात अण्णा कुठं होते हे मी बघितलं नाही. मान वर केली असती तरी काचेतून दिसलं असतं.

शेवटी मी सगळी यादी पडद्यावर काढली आणि एकेक ओळ बोटानं बघत खाली गेले. तापमान होतं. गॅस नव्हता. पुन्हा वरून खाली आले. नव्हता. मग गॅसच्या प्रोग्रॅमची नोंदवही उघडली. तो दर दोन सेकंदांनी आकडा लिहितो. शेवटचा आकडा तीन दिवसांपूर्वीचा, सकाळचा. मी आयकॉन दाबला त्या वेळेचा.

  मी काचेतून बघितलं. भट्टीजवळ शिडीच्या तोंडाशी अण्णांची हत्यारांची पिशवी होती. अण्णा दिसत नव्हते.

 गॅसचा प्रोग्रॅम कसाबसा सुरू केला. त्याला सेन्सर जागा करायला मिनिटभर लागतं. तेवढं थांबायला मी तिथं राहिलेच नाही. धावत सुटले. निम्म्या वाटेत असताना माझ्या डोक्यावर भोंगा वाजायला लागला, पूर्ण आवाजात. म्हणजे गॅस होताच. चार दिवस होता. सेन्सरला फक्त कुणी विचारलं नव्हतं.

मी खड्ड्याच्या काठावर पालथी पडून हाक मारली. अण्णा खाली होते. भिंतीला पाठ लावून बसलेले, पाय पसरलेले, हातात पाना. डोळे उघडे. त्यांनी माझ्याकडं बघितलं. मी पुन्हा हाक मारली, "अण्णा, वर या. उठा." ते नुसते बघत राहिले. ओळख असल्यासारखं काही त्या डोळ्यांत नव्हतं. मग त्यांचे डोळे मिटले.

मी शिडीवर पाय टाकला तेवढ्यात मागून चाचांनी मला कमरेला धरून उचललं. मी त्यांना चावलेसुद्धा. ते म्हणाले, "बेटा, नीचे नको जाऊ. एक है, दो हो जाएंगे." त्यांचं बरोबर होतं. खड्ड्यात पडलेल्याला काढायला उतरलेला दुसराही पडतो, हेही मीच शिकवायची. कुणी भट्टीचा गॅस तोडला, कुणी ब्लोअरचा पाईप खाली सोडला. चाचांनी पाठीवर हवेची टाकी घेतली, तोंडाला मास्क लावला, दोर बांधला आणि उतरले. टाकीचा पट्टा बसत नव्हता. तो पट्टा बसवायला किती वेळ लागला मला सांगता येणार नाही. मी फक्त अण्णांच्या छातीकडं बघत होते, हलते का म्हणून. वरून ते दिसत नव्हतं.

काढलं त्यांना. गाल छान गुलाबी झालेले होते. ह्या गॅसनं तसंच होतं, माणूस तब्येतीनं सुधारल्यासारखा दिसतो. तो रंग बघून मी जास्त घाबरले. गाडीत ऑक्सिजनची नळी लावून त्यांना दवाखान्यात नेलं. चिकलठाण्याच्या सिग्नलला गाडी अडकली तेव्हा मी पहिल्यांदाच मोठ्यानं रडले.

संध्याकाळपर्यंत ते शुद्धीवर आले. दुसऱ्या दिवशी सकाळी उठून बसले, पेज प्याले. आई म्हणाली, वाचलो बाई. इकडं सुपरवायझर साहेब मला दवाखान्याच्या व्हरांड्यात घेऊन गेले. माणूस वाईट नव्हता. ते म्हणाले, "अहवालात विजेचं लिही. सुट्टीनंतर व्होल्टेज वर-खाली झालं, प्रोग्रॅम बंद पडला. कोण बघायला येतंय? तुझीही नोकरी राहील, माझीही." खरं सांगते, मला हो म्हणायचं होतं. ती नोंदवही पुसायला एक ओळ पुरली असती. नोकरीची भीती होती, पोलिसांची होती, पण सगळ्यात मोठी भीती अण्णांची होती. त्यांना काय तोंड दाखवू? मी साहेबांना म्हणाले, विचार करते.

आणि तशीच आत जाऊन अण्णांच्या कॉटवर बसले. त्यांनी आपणहूनच विचारलं, "भोंगा कामून वाजला नाय गं?"

मी सगळं सांगितलं. फाईल, जुना नंबर, बटण, तपासायची राहून गेलेली ओळ. त्यांना पीआयडी कळत नाही, म्हणून टोकनचं उदाहरण दिलं. ते ऐकत होते. माझं बोलून झाल्यावर बराच वेळ चादरीची घडी बोटानं सारखी करत बसले. मग म्हणाले, "असू दे. तूच धावत आलीस ना? असू दे." आणि माझ्या डोक्यावर हात ठेवला. मी त्यांच्या पायावर डोकं ठेवून रडून घेतलं. त्याच दिवशी मी अहवाल खरा लिहिला. मला केबिनमधून काढलं, पुढं मी नोकरीच सोडली. त्याचं मला काही वाटलं नाही. अण्णांनी पदरात घेतलं होतं.

दोन आठवडे सगळं छान होतं. अण्णा घरी आले, गल्लीत फिरायला लागले, कामावर कधी जायचं ते विचारायला लागले. तिसऱ्या आठवड्यात एका सकाळी ते दाराशी बूट घालून उभे होते आणि म्हणाले, "आज कोणती पाळी?" मी म्हणाले, "अण्णा, तुम्ही रजेवर आहात." बरं म्हणाले. पाच मिनिटांनी पुन्हा तेच विचारलं, त्याच आवाजात.  आईनं माझ्याकडं बघितलं आणि पटकन नजर काढून घेतली.

डॉक्टर म्हणाले, ह्या गॅसनं असं कधी कधी होतं. माणूस बरा झाल्यासारखा वाटतो आणि काही दिवसांनी मेंदूवर परिणाम दिसायला लागतो. काहींचं सुधारतं, काहींचं नाही. मग असंही म्हणाले, की वय पण आहे, साखर आहे, कशामुळे किती हे सांगता येणार नाही. तेव्हापासून अण्णा काहीही विसरले की माझा जीव खालीवर होतो. चष्मा विसरले, तो वयानं की गॅसनं? चाचा भेटायला आले, त्यांचं नाव आठवेना, ते कशानं? सिल्लोडकडच्या आमच्या गावचा रस्ता त्यांना अजून पाठ आहे. मुकुंदवाडीतली आमची गल्ली मात्र एकदा सापडली नाही. शेजाऱ्यांनी हाताला धरून आणून सोडलं.

आणि एके दिवशी दुपारी जेवताना त्यांनी मला विचारलं, "त्या दिवशी भोंगा कामून वाजला नाय गं?"

 मी सांगितलेलं त्यांच्या डोक्यातून गेलं होतं, आणि त्याच्याबरोबर त्यांनी दिलेली माफीसुद्धा. मी पुन्हा पहिल्यापासून सांगितलं. ह्या वेळी ते असू दे म्हणाले नाहीत. ताट सरकवून उठले आणि दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी ते सगळं विसरले आणि मला प्रेमानं चहा मागितला. मी चहा केला. त्या चहानं मला हायसं वाटलं, आणि हायसं वाटलं याची नंतर शरम वाटली.

त्यानंतर तिसऱ्यांदा विचारलं तेव्हा आई मधे पडली. मला स्वयंपाकघरात ओढून म्हणाली, "कशाला दरवेळी त्यांच्या जिवाला घोर लावतीस? लाईट गेली व्हती म्हण आन् मोकळी हो." मी बाहेर येऊन म्हणाले, लाईट गेली होती अण्णा. त्यांचा चेहरा एकदम खुलला. म्हणाले, "मंग ठीक. मी उगंच भेलो, तुझंच काय चुकलं का काय म्हणून."  पुन्हा मी खोटं बोलले नाही. ते विचारतात, मी सांगते, आणि दरवेळी आज ते काय म्हणतील ह्याची भीती असते. कधी रागावतात, कधी गप्प बसतात. एकदा रडले. असू दे मात्र पुन्हा म्हणाले नाहीत.

ह्या महिन्यात पुन्हा विचारलं. सकाळची वेळ होती. ओट्यावर कोवळं ऊन होतं, ते खुर्चीत बसले होते, मी खाली बसून लसूण सोलत होते. मी सगळं सांगितलं, नेहमीसारखं. फाईल, नंबर, टोकन. चार दिवस भोंगा मेलेला होता आणि कुणाला कळलं नाही. खड्ड्यात गॅस साचत गेला. शेवटच्या दिवशी एक जण खाली होता आणि मी वर स्क्रिप्ट दुरुस्त करत बसले होते. तुम्ही खाली होता, हे म्हणायचा त्या दिवशी मला धीर झाला नाही. म्हटलं, कळेलच त्यांना.

त्यांनी सगळं मन लावून ऐकलं. मधे एकदा च्च म्हणाले. माझं बोलणं संपल्यावर मी त्यांच्या चेहऱ्याकडं बघत थांबले, राग येतो का रडू येतं ते बघायला. दोन्ही आलं नाही. त्यांनी पुढं वाकून माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि हळू आवाजात विचारलं, "मंग तो खाली व्हता तो माणूस? त्यालाही लेकरंबाळं असतील. त्याच्या घरी कळवलं का कुणी?"

"कळवलं," मी म्हणाले.